नालवाडीतली उजळणी

इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसलेला एक तरुण १९१६च्या मार्चमध्ये सुरतेला उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. त्याआधी त्याने आपली प्रमाणपत्रं आईच्या देखत चुलीत घातली होती. पुढे तो गांधीजींकडे गेला, १९२१ मध्ये वर्ध्याला आला आणि १९३२च्या अखेरीस वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीत राहू लागला. ते विनोबा भावे. त्याच नालवाडीत मी राहते आणि पन्नाशीला आल्यावर मराठीच्या एम. ए.ची परीक्षा देते आहे. परीक्षेकडे पाठ फिरवलेल्या माणसाच्या गावात बसून उजळणी करताना त्यांची आठवण टळत नाही. त्यांनी परीक्षा सोडली म्हणजे नेमकं काय सोडलं आणि आयुष्यभर काय धरून ठेवलं, हे मला पेपर तोंडावर आला की जास्तच स्पष्ट दिसू लागतं.

गाव आता शहरात मिसळलं आहे. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागल्यावर नालवाडी कुठून सुरू झाली, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. विनोबा आले तेव्हा इथे दलितांची वस्ती होती, आणि त्यांच्यात काम करायचं तर त्यांच्यातच राहायला हवं म्हणून ते आले. ग्रामसेवा मंडळाचं काम इथून चाललं. चामड्याचा धंदा मानाने करता यावा म्हणून इथे चर्मालय निघालं. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे विनोबांनी स्वतःवरच करून पाहिलं. दिवसाचे आठ-आठ तास ते कातत, आणि कातता कातता शिकवत. १९३८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते धाम नदीकाठी पवनारला गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७च्या ऑक्टोबरमध्ये, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती आणि हातच्या उद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम देशापुढे आली होती. म्हणजे पोटापाण्याचं काम आणि शिकणं एकाच दिवसात, एकाच माणसाने करायचं, ही या भागाला नवी गोष्ट नाही.

मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. संध्याकाळी दुकानांचा धंदा रंगात आला की निघायचं, कोणाकडून पन्नास, कोणाकडून शंभर घ्यायचे, हातातल्या मशीनवर पावती काढून द्यायची. परीक्षा असली म्हणून पिग्मी थांबत नाही. एक दिवस गेलं नाही की दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणतो, ‘ताई, काल गल्ल्यात पैसे काढून ठेवले होते, मग खर्च होऊन गेले.’ त्याची ती बचत बुडाली की मला वाईट वाटतं. त्यामुळे मशीनमधून वाया गेलेल्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुद्दे लिहून घेते आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना मनात घोळवते. किराणावाल्यापासून चक्कीपर्यंत महानुभाव पंथाची वैशिष्ट्यं, चक्कीपासून मेडिकलपर्यंत मर्ढेकरांच्या कवितेतली यंत्रयुगाची जाणीव. रस्ताही लक्षात राहतो, मुद्देही राहतात. पेपरमध्ये उत्तर लिहिताना मला कित्येकदा ते दुकानच आधी आठवतं.

आमच्याकडे या परीक्षा ऐन उन्हाळ्यात येतात. पंचवीस मेपासून नवतपा लागतो, आणि त्या नऊ दिवसांतलं वर्ध्याचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कूलरच्या वाळ्याला पाणी मारून खोली अंधारी करायची आणि त्या ओलसर वासात पुस्तक उघडायचं. लाइट गेली की कूलर बंद, मग वहीचं पान घामाने बोटाला चिकटतं. दोनचा पेपर असेल तर साडेबारालाच डोक्याला दुपट्टा बांधून, कांदा पिशवीत टाकून निघावं लागतं. उजळणीत ही तयारीसुद्धा धरायला हवी. पंचविशीतल्या मुलाला तीन तास एका बैठकीत लिहिणं कठीण जात नाही. आमच्या वयाची बोटं पहिल्या पुरवणीपर्यंतच आखडतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात मी वाचणं कमी करून रोज घड्याळ लावून एक उत्तर पूर्ण लिहिते. प्रौढ विद्यार्थ्याला कोणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. ज्ञान असतं, अनुभव असतो, हात मात्र सरावातून गेलेला असतो.

साहित्याच्या पेपरची शेवटची उजळणी इतर विषयांसारखी नसते. इतिहासाच्या सनावळ्या, गणिताची सूत्रं, कायद्याची कलमं एका रात्रीत पुन्हा डोळ्यांखालून घालता येतात. कादंबरी घालता येत नाही. जे पुस्तक वाचायला पंधरवडा लागला, ते संध्याकाळी सात ते अकरामध्ये परत वाचून होत नाही. तेव्हा गाईड हाताशी येतं. मी गाईडला नावं ठेवत नाही. कथानक, पात्रं, भाषाविशेष, कालखंड, असा सांगाडा ते नीट बांधून देतं, आणि परीक्षकाला सांगाडा लागतोच. पण पेपरच्या आदल्या रात्री गाईड बंद करून मूळ पुस्तक उघडावं, या मताची मी आहे. सगळं नव्हे, चार-पाच पानं. त्या पानांवर लेखकाचा आवाज असतो, आणि तो कानात घेऊन गेलेल्या माणसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी वेगळं उतरतं.

हे मला साहित्यशास्त्राने शिकवलं. आमच्यातल्या बहुतेकांना या पेपरची धास्ती असते. भरताच्या नाट्यशास्त्रात रस कसा निष्पन्न होतो याचं एक लहानसं सूत्र आहे: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून. आता हा संयोग कसला आणि निष्पत्ती म्हणजे काय, यावर पुढच्या पंडितांनी शतकानुशतकं विचार केला. लोल्लटाचा उत्पत्तिवाद, शंकुकाचा अनुमितिवाद, भट्टनायकाचा भुक्तिवाद, अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद. हा क्रम पावतीवर लिहून मी तो आठवडाभर पाठ केला. पाठ झाला, पण समजला नव्हता. शंकुक चित्रातल्या घोड्याचं उदाहरण देतो. चित्रातला घोडा बघताना आपण त्याला खरा घोडा म्हणत नाही, खोटाही म्हणत नाही, तरी घोडाच बघतो. नटात रामाला आपण तसंच बघतो. इथवर गाडी ठीक जाते. पुढे काश्मीरचा अभिनवगुप्त येतो. दहाव्या-अकराव्या शतकातला हा माणूस म्हणतो की रस बाहेरून येत नाही. रती, शोक, उत्साह हे स्थायीभाव सहृदयाच्या मनात वासनेच्या, म्हणजे जुन्या संस्कारांच्या रूपाने आधीपासूनच असतात. काव्य त्यांच्यावरचं आवरण दूर करतं, आणि माझं-तुझं हा भेद गळून ते आस्वाद्य होतात. मला तो कळला ‘धग’ वाचताना.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० मध्ये आली. शेळके अमरावती जिल्ह्यातले, आणि कादंबरीतली माणसं वऱ्हाडी बोलतात. कौतिक नावाची एक बाई, तिचा महादेव नावाचा शिंपीकाम करणारा नवरा, पोरं, आणि न संपणारी गरिबी. पुढे नवऱ्याला महारोग होतो. आता नालवाडीच्या जवळच दत्तपूर आहे. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी तिथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. त्या काळी घरच्यांनी बाहेर काढलेल्या माणसांना हात लावायला कोणी धजत नव्हतं. दत्तपूरच्या वाटेवरून मी लग्न होऊन आल्यापासून जाते-येते आहे. बोटं झडलेल्या हातांनी काम करणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या हातची भाजी आमच्या घरात शिजली आहे. त्यामुळे महादेवाच्या रोगाची पानं वाचताना ‘करुणरसाचा परिपोष’ हे शब्द मला कुठून आणावे लागले नाहीत. अभिनवगुप्त जिला वासना म्हणतो ती माझ्यात इथल्या रस्त्यांनी साठवून ठेवली होती. वीस वर्षांच्या मुलीला हीच पानं आवडतील, रडवतीलही. पण जिचं निम्मं आयुष्य या वाटेवर गेलं, तिच्याजवळ त्या पानांना उत्तर देणारं काही आधीच तयार असतं. प्रौढ विद्यार्थ्याची स्मरणशक्ती कमी झालेली असते असं सगळे म्हणतात. नावं-सनांच्या बाबतीत ते खरं आहे. साहित्याच्या बाबतीत मात्र आपण जवळ किती घेऊन बसलो आहोत, हे कोणी सांगत नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, शाळेत गेल्या नाहीत. तरुणपणी निंदणाला, कापूस वेचायला गेल्या. पेपरच्या आदल्या रात्री मी ‘धग’मधले संवाद मोठ्याने वाचत होते. त्या बाजेवर पडल्या होत्या. थोडं ऐकून उठून बसल्या.

‘हे पुस्तकात लिहेल हाय?’

‘हो आत्याबाई. एम. ए.ला आहे हे.’

‘हे त आपलंच बोलनं हाय वं माय. मंग त्या कौतिकीचं काय झालं?’

मी सांगू लागले. त्या मध्ये थांबवायच्या. तिचा भाऊ नव्हता काय? नवऱ्याले सोडून काहून नाही गेली? पोरगं कामाले लागलं का नाही? प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे कादंबरीतली एकेक घटना, तिच्यामागचं कारण, पात्राचा स्वभाव मला जुळवून सांगावा लागत होता. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावरच्या संपर्कसत्रात सरांनी ‘पात्रचित्रण’ म्हणून जे शिकवलं होतं, ते त्या रात्री मी आत्याबाईंना सांगून पुन्हा शिकले. ‘नवऱ्याले सोडून काहून नाही गेली’ हा प्रश्न विद्यापीठाच्या पेपरमध्ये यावा, इतका तो मोलाचा आहे. त्याचं उत्तर द्यायला कादंबरीतला समाज, बाईची नैतिकता, दारिद्र्याची कोंडी, लेखकाची तटस्थता, सगळंच लागतं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘झोप आता. सक्काळी डोयात झोप घेऊन जाशीन काय पेपरले?’ आणि मी झोपले.

मराठी गद्याचा आरंभच असा, विचारून आणि सांगून, झाला आहे. ‘लीळाचरित्र’ हे पुस्तक म्हणजे मोठ्या माणसांनी केलेली उजळणी आहे, असं मी पेपरमध्ये लिहिलं आणि तेच इथेही लिहिते. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांचे शिष्य आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला होते. त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी एकेका माणसाला गाठून आठवणी विचारल्या. स्वामी कुठे बसले होते, कोण जवळ होतं, आधी काय बोलले, नंतर काय बोलले. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासून घेतलं. परंपरेप्रमाणे १२७८च्या सुमाराला हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे परचक्राच्या धाडीत पोथ्या गेल्या, तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या आठवून पुन्हा लिहून काढल्या. हिराइसेचं नाव त्यात आदराने घेतलं जातं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आज आपल्या हातात आहे तो कोणाच्या तरी पाठांतरामुळे. आणि त्या मंडळींत महदाइसा होती, धवळे रचणारी, मराठीची आद्य कवयित्री. तिला म्हातारी म्हणत. ती स्वामींना सारखे प्रश्न विचारी, समजेपर्यंत सोडत नसे, आणि स्वामींना तिच्या जिज्ञासेचं कौतुक होतं. आत्याबाई बाजेवरून प्रश्न विचारत होत्या तेव्हा मला महदाइसाच आठवली. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं आहे, याचा आम्हा विदर्भातल्या विद्यार्थ्यांना मनापासून आनंद आहे.

ज्या १९१६ सालात विनोबा सुरतेला उतरले, त्याच साली पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. एकीकडे परीक्षा नाकारणारा मुलगा, दुसरीकडे जिला परीक्षेच्या दारापर्यंत कोणी येऊच दिलं नाही अशी बाई. कर्व्यांच्या घरातलंच उदाहरण आहे. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विधवा झाल्यावर, एका मुलाची आई असताना, अक्षर शिकायला लागल्या. पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी निधी मागत देशभर फिरल्या आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. घरोघरी कामं करून तिथे राहिल्या. १९२८ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘माझी कहाणी’ मी माझ्या टेबलावर ठेवली आहे. अभ्यासक्रमात ती नाही. आपल्या वयाची लाज वाटू लागली की तिच्यातली दोन पानं पुरतात.

परीक्षा नाकारण्याचा मोठेपणा ज्याच्यासमोर परीक्षेचा फॉर्म होता त्याला शोभतो. माझ्यासारखीला बारावीनंतर कोणी फॉर्मच आणून दिला नाही. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं म्हणून पिग्मीची पिशवी खांद्याला असलेल्या बाईला घरी पुस्तकं आली, रविवारी संपर्कसत्र मिळालं, आणि आपल्याच जिल्ह्यात पेपर देता आला. म्हणून मला विनोबांचा निर्णय पूर्ण मान्य असूनही मी परीक्षा सोडणार नाही. हॉल तिकिटावर माझं नाव छापून येतं, आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे.

आणि विनोबांनी तरी अभ्यास कुठे सोडला? त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती. गद्य भाषांतर जड गेलं, पद्य आणून दिलं तेही जड गेलं, तेव्हा ती मुलाला म्हणाली की तूच का नाही सोपी करत. आई १९१८ मध्ये गेली. मुलाने १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ लिहिली, १९३२ मध्ये ती छापली गेली, आणि त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. चाळिशी ओलांडल्यावर ते अरबी शिकले, कुराण मुळातून वाचता यावं म्हणून. ज्याला कोणाचा पेपर द्यायचा नव्हता त्याने रोज पाठ केला, रोज आवृत्ती केली, शेवटपर्यंत केली. त्यांनी प्रमाणपत्र जाळलं आणि पाठांतर ठेवलं. मला दोन्ही हवं आहे, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना मात्र माझी एक विनंती आहे. ‘वैशिष्ट्ये सांगा’, ‘टीपा लिहा’, ‘सविस्तर चर्चा करा’ हे प्रश्न असू द्या. त्यांनी शिस्त लागते. पण प्रत्येक पेपरमध्ये एक तरी प्रश्न असा ठेवा की ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही, पुस्तक वाचलेल्याच माणसाला देता येईल. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेला शिलाई करणाऱ्या बायका बसतात, पोलीस बसतात, एसटीचे कंडक्टर बसतात, निवृत्त शिपाई बसतात. त्यांच्याजवळ साहित्याला सांगण्यासारखं खूप आहे, आणि ते लिहायला जागा मिळाली तर तपासणाऱ्यांनाही काही नवीन वाचायला मिळेल.

आणि ज्यांचं शिक्षण कधीतरी अर्धं राहिलं त्यांना: पावसाळा लागला की प्रवेश सुरू होतात. बारावी झालेली नसली तरी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आहे, तो करून पदवीला जाता येतं. जवळच्या अभ्यासकेंद्रावर जा, फॉर्म घ्या, आणि यंदाच भरा.